खुणेच्या प्रथिनाचे माप आपल्याकडे कधी घडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या तपासणीवरून अल्झायमर ओळखता येणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच ठळकपणे आली होती. बातमीत चूक काही नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली हे खरेच आहे. ती चाचणी टाउ नावाच्या मेंदूतील प्रथिनाच्या साखळीत २१७ क्रमांकाच्या जागी फॉस्फेट चिकटलेले रूप आणि अमायलॉइड बीटा ४२ हे दुसरे प्रथिन यांचे रक्तातील गुणोत्तर पाहते. परंतु हे प्रथिन मोजायचे ते कशाशी ताडून, हा प्रश्न त्या बातमीत कोठेही आला नाही. भाजीवाल्याच्या तराजूत एका पारड्यात वांगी असली, तर दुसऱ्यात वजन लागते, आणि त्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. मेंदूतील प्रथिनाच्या बाबतीत हे वजन म्हणजे जिवाणूंकडून मुद्दाम घडवून घेतलेले, खूण लावलेले मानवी प्रथिन. प्रयोगशाळेत त्याला सरसकट ‘लेबल्ड प्रोटीन’ म्हणतात. त्याच्याविषयी लिहायचे म्हणून हे पत्र.

मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी होते आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांना लागणारी प्रथिने वाढवून, गाळून, शुद्ध करून त्यांच्या हाती देणे हे माझे काम. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे हातांना माहीत असलेले आहे. घरी सासूबाईंचा विसराळूपणा वाढत गेला तेव्हा डॉक्टरांनी लक्षणांवरून, स्मरणशक्तीच्या प्रश्नावलीवरून आणि मेंदूच्या एमआरआयवरून अंदाज बांधला. त्यापलीकडे त्यांच्याजवळ तरी काय होते? देशात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला आहे. तेव्हा ही काही चार घरांची गोष्ट नाही.

टाउचे काम सोपे आहे. मज्जापेशींच्या लांबच लांब शाखांमधून माल वाहून नेणाऱ्या ज्या सूक्ष्मनलिका असतात, त्यांना ते आधार देते. १९७५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे मार्क किर्शनर यांच्या प्रयोगशाळेत ते प्रथम हाती लागले, तेही डुकराच्या मेंदूतून. प्रौढ माणसाच्या मेंदूत त्याची सहा रूपे आढळतात आणि त्यांतील सर्वांत लांब रूप ४४१ अमिनो आम्लांचे, म्हणजे साखळीतल्या ४४१ मण्यांचे, असते. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथे ज्या स्त्री-रुग्णाची हकिगत मांडली, तिच्या मेंदूतील पेशींमध्ये दिसलेले गुंतवळ याच टाउचे होते, हे उमगायला पुढे सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली. त्यानंतर मात्र मेंदू मिळण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही, कारण मानवी जनुक हाती आले आणि ते जिवाणूत घालून हवे तितके टाउ बनवता येऊ लागले.

हे कसे करतात ते थोडे विस्ताराने सांगते, कारण सगळी गोम तेथेच आहे. टाउचे जनुक एका लहानशा वर्तुळाकार डीएनएमध्ये बसवून ते ई. कोलाय जिवाणूत सोडतात. एरवी या जिवाणूंना यीस्टचा अर्क वगैरे घातलेले सकस खाद्य मिळते आणि ते अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. खूण लावायची असेल तेव्हा त्यांना उपासाचे खाणे द्यावे लागते. उपासाचे म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीसारखे नव्हे, खरोखरीच्या उपासाचे: पाणी, क्षार, ग्लुकोज, आणि नायट्रोजन मिळावा म्हणून केवळ अमोनियम क्लोराइड. या क्षारातला नायट्रोजन नेहमीचा १४ वजनाचा नसतो, १५ वजनाचा असतो. निसर्गात हा जड नायट्रोजन शेकडा अर्ध्याहूनही कमी आढळतो, म्हणून तो वेगळा काढलेला क्षार महाग असतो आणि फ्लास्कमध्ये घालताना चमच्याला चिकटलेला कणसुद्धा आपण टिचकी मारून आत पाडतो. दुसरा नायट्रोजन मिळतच नाही, त्यामुळे जिवाणू जे प्रथिन बनवतात ते सर्वांगाने जड होते. वाढ मात्र रडतखडत होते. सकाळी नऊला लावलेले कल्चर संध्याकाळपर्यंत हवे तितके गढूळ झाले नाही म्हणून रात्री अकराला परत येऊन ते शेकरवरून काढलेले मला चांगले आठवते.

पुढची पायरी नवख्यांना नेहमी चकित करते. फोडलेल्या पेशींचा रस सरळ उकळत्या पाण्यात धरायचा. बाकीची बहुतेक प्रथिने नासलेल्या दुधासारखी फुटतात आणि तळाला बसतात. टाउ मात्र वरच्या निवळीत शाबूत राहते, कारण त्याला घडी पडलेला ठाम आकारच नसतो, आणि जे मुळात घडी घातलेले नाही ते उकळून विस्कटणार तरी काय? मग ही निवळी स्तंभातून गाळायची, प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवून निळ्या रंगात पाहायची, आणि पट्टी एकच व स्वच्छ दिसली की लहान नळ्यांमध्ये वाटून उणे ८० अंशांवर ठेवायची. दोन लिटर कल्चर, चार दिवसांचे काम, आणि शेवटी हाती येते ते नळीच्या बुडाशी असलेले थेंबभर पाणी, जे उजेडाकडे तिरपे धरल्याशिवाय दिसत नाही.

या थेंबाचा उपयोग असा. रुग्णाच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात टाउ किती आहे ते मोजायचे असते, आणि ते असते एका मिलिलिटरमध्ये काहीशे पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रक्तातले प्रमाण त्याहूनही कितीतरी कमी. एवढ्या सूक्ष्म मालावर गाळणे, धुणे, ट्रिप्सिन या विकराने तुकडे करणे असे संस्कार करत गेले, की प्रत्येक पायरीला काही ना काही सांडतेच. म्हणून अगदी सुरुवातीलाच त्या नमुन्यात ठरावीक वजनाचे जड टाउ मिसळतात. जड आणि हलके टाउ वागणुकीत जुळ्या भावंडांसारखे असतात, त्यामुळे वाटेत जितका वाटा एकाचा गळतो तितकाच दुसऱ्याचाही गळतो. अखेरीस रेणूंची वजने ओळखणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापी यंत्रात दोघांचे तुकडे एकाच क्षणी पोहोचतात, पण वजनातील फरकामुळे वेगवेगळे दिसतात. त्यांचे गुणोत्तर आणि घातलेल्या जड टाउचे वजन यांवरून रुग्णाचे टाउ किती ते निघते. काहीजण पूर्ण प्रथिनाऐवजी केवळ जड तुकडे विकत आणतात आणि ते शेवटच्या पायरीला घालतात. त्याने खर्च कमी होतो, परंतु आधी काय सांडले त्याचा हिशेब लागत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, की मणक्याच्या पाण्यात टाउ बहुतांशी तुकड्यांच्या रूपातच असते, त्यामुळे अखंड जड टाउ हेही अगदी तंतोतंत जुळे ठरत नाही.

आता हे सारे गणित ज्या एका आकड्यावर उभे आहे तो पाहा: घातलेल्या जड टाउचे वजन. तो आकडा कोठून येतो? नळीवरच्या चिठ्ठीवरून. आणि चिठ्ठीवर तो कसा आला? प्रथिनाचे प्रमाण मोजण्याची रोजची रीत म्हणजे २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश त्यातून सोडणे आणि किती शोषला गेला ते पाहणे. हा प्रकाश मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले शोषतात. लांब टाउमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही आणि टायरोसिन आहेत जेमतेम पाच. म्हणजे ४४१ खोल्यांच्या वाड्यात पाच दिवे लावून वाड्याचा आकार अजमावण्यासारखे ते आहे. जिवाणूचे दुसरे एखादे प्रथिन चिमूटभर जरी उरले तरी आकडा चुकतो. दुसरी रीत रंगद्रव्याची. तिची तुलनापट्टी सहसा गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनवर आखलेली असते, म्हणजे माणसाच्या मेंदूतील प्रथिन गाईच्या रक्तातील प्रथिनाच्या मापाने मोजायचे! खात्रीची रीत एकच, प्रथिनाचे पूर्ण विघटन करून त्यातील अमिनो आम्ले मोजणे, आणि ती खर्चिक आहे. आम्ही एकदा बाहेरून आणलेल्या जड टाउच्या एका नळीवर ती करून पाहिली, तेव्हा आतला माल चिठ्ठीवरच्या आकड्याहून बराच कमी भरला. त्या परदेशी विक्रेत्याला लिहिले असता उत्तर आले, की हा माल ‘केवळ संशोधनाच्या उपयोगासाठी’ आहे. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात.

माल पोहोचण्याचीही एक वेगळी कहाणी आहे. अशी नळी कोरड्या बर्फात बांधून विमानाने येते. आमची एक पेटी मुंबईच्या माल-विभागात कागदपत्रांच्या कोणत्याशा त्रुटीवरून अडकली आणि पुण्याला आली तेव्हा उचलताच कळले, की ती फारच हलकी आहे. बर्फ पूर्ण उडून गेला होता. आतली नळी कोमट होती आणि जेलवर एका पट्टीच्या जागी शिडीसारख्या पट्ट्यांची उतरंड दिसली, म्हणजे प्रथिनाचे तुकडे झाले होते. एका विद्यार्थिनीचे सहा महिन्यांचे नियोजन त्या उतरंडीत गेले. त्यात धोरणांचे हिंदोळे वेगळेच. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरील मूळ आयातशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के केले गेले. देशभरातून ओरड झाल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीस ते संशोधनासाठी पुन्हा १० टक्क्यांवर आणले. मद्यनिर्मितीत वापरली जाणारी रसायने या वाटेने येऊ नयेत असा हेतू सांगितला गेला, पण त्या काही दिवसांत किती मागण्या थांबल्या असतील याची कल्पना कोणत्याही भांडारपालाला विचारल्यास येईल.

टाउपुरतेच हे नाही. कंपवातामध्ये, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, अल्फा-सिन्युक्लिन नावाचे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन गोळा होते. रुग्णाच्या मणक्यातील पाण्याचा थेंब प्रयोगशाळेत बनवलेल्या शुद्ध सिन्युक्लिनमध्ये टाकला, की रुग्णाकडचे बिघडलेले रेणू विरजणासारखे काम करतात आणि चांगल्या सिन्युक्लिनचे धागे बनू लागतात. एक चमकणारे रंगद्रव्य त्याची वर्दी देते. २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या १,१२३ जणांच्या अभ्यासात या चाचणीने पार्किन्सनचे ८७.७ टक्के रुग्ण बरोबर ओळखले. येथे विरजण रुग्णाचे, पण दूध प्रयोगशाळेचे, आणि दूध बरे नसेल तर दही कसे लागणार? एक बारकावा सांगण्याजोगा आहे. मानवी सिन्युक्लिनमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल नसतेच. तरीही ई. कोलाय जिवाणू १३६ व्या जागी टायरोसिनसाठीचा जनुकातील एक विशिष्ट संकेत वाचताना काही रेणूंमध्ये चुकून सिस्टीन बसवतो, हे २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवले. संकेतातले एक अक्षर बदलले की ही चूक थांबते. जड नायट्रोजनखेरीज खुणेचा दुसरा प्रकार म्हणजे प्रथिनाला बांधलेला चमकणारा रेणू, आणि ही चमकणारी खूण बहुधा सिस्टीनलाच चिकटवतात; त्यामुळे ज्याने हे अक्षर बदललेले नाही, त्याच्या काही रेणूंवर खूण नको त्या जागी बसते. विकत आणलेल्या नळीत कोणता संकेत वापरला आहे, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले पाहिले.

टाउमध्ये याच्या उलट अडचण. त्यात २९१ आणि ३२२ या जागी दोन सिस्टीन आहेत आणि त्या दोन्ही नेमक्या त्याच पट्ट्यात येतात ज्याच्यामुळे टाउचे रेणू एकमेकांना चिकटतात. तेथे जाडजूड चमकणारा रेणू बांधला, तर चिकटण्याचा अभ्यास करण्यासाठी लावलेली खूणच चिकटण्यात आडवी येते. म्हणून जाणते लोक त्या दोन जागा आधी बदलून टाकतात आणि दूर कोठेतरी नवी सिस्टीन बसवून तिला खूण लावतात.

जिवाणूने बनवलेले प्रथिन आणि आजारी मेंदूतले प्रथिन यांत अंतर आहे, हेही येथे नोंदवायला हवे. ई. कोलाय टाउला फॉस्फेट चिकटवत नाही, आणि आजारात तर फॉस्फेटचाच बुजबुजाट असतो. टाउमध्ये फॉस्फेट बसू शकेल अशा ८५ जागा आहेत. तेव्हा २१७ क्रमांकाच्या त्या गाजलेल्या रूपाचे माप बनवायचे, तर नुसते जड टाउ पुरत नाही, त्यावर योग्य जागी फॉस्फेट बसवून घ्यावे लागते. शिवाय हेपॅरिन नावाचे द्रव्य घालून प्रयोगशाळेत बनवलेले टाउचे धागे अल्झायमरच्या मेंदूतील धाग्यांसारखे नसतात, हे २०१९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले, आणि मग २०२२ साली टाउचा केवळ २९७ ते ३९१ हा तुकडा वापरून हुबेहूब धागे बनवण्याची रीतही त्यांनीच शोधली. म्हणजे चूक उघड मांडली गेली, तेव्हाच ती सुधारली. आपल्याकडे त्या दर्जाची माणसे नाहीत असे कोणी म्हणू नये. अल्फा-सिन्युक्लिनचे रेणू धागे होण्याआधी द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत एकवटतात, हे आयआयटी मुंबईतील समीर माजी यांच्या गटाने २०२० साली ‘नेचर केमिस्ट्री’त मांडले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनही टाउवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बीची पुनर्संयोजित लस देशात बनवून तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून प्रथिन काढण्याची विद्या आपल्याला नवी नाही.

उणीव आहे ती एकदा नीट बनवलेले, नीट मोजलेले प्रथिन सर्वांना एकाच खेपेतले देणाऱ्या व्यवस्थेची. आज प्रत्येक प्रयोगशाळा आपापले टाउ बनवते किंवा आपापल्या विक्रेत्याकडून आणते, आणि एकीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी जुळले नाहीत की दोष रुग्णांच्या वैविध्यावर जातो. याचे नमुने आपल्या पुण्यातच आहेत. गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते, आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित पदार्थ उपलब्ध करून देते आणि त्यांत सोन्याच्या शुद्धतेचाही नमुना आहे. सोन्याची कसोटी देशात ठरू शकते, तर टाउची का ठरू नये? युरोपने मणक्याच्या पाण्यातील अमायलॉइड बीटा ४२ साठी प्रमाणित नमुन्यांचे तीन स्तर केव्हाच तयार केले आहेत, ते अशाच गरजेतून.

माझी मागणी मोठी नाही. जड नायट्रोजनचे टाउ, त्याचे २१७ ला फॉस्फेट असलेले रूप आणि दुरुस्त संकेताचे अल्फा-सिन्युक्लिन, एवढी तीनच प्रथिने सुरुवातीला घ्यावीत. ती पुरेशा प्रमाणात बनवून लहान नळ्यांमध्ये वाटावीत आणि प्रत्येक नळीसोबत सहा गोष्टी लिहिलेला कागद द्यावा: अमिनो आम्लांच्या विश्लेषणाने ठरलेले वजन, जड नायट्रोजनचा शेकडा वाटा, खूण कोणत्या जागी आणि किती रेणूंवर आहे, वापरलेला जनुकाचा संकेत, जिवाणूच्या अंतर्विषाचा उरलेला अंश, आणि गोठवण-वितळण किती वेळा चालेल. अंतर्विषाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्याचा लवलेश जरी राहिला तरी मेंदूतील संरक्षक पेशी त्यानेच खवळतात आणि दोष बिचाऱ्या प्रथिनावर येतो. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनाला चालना देणारे ‘बायो-ई३’ धोरण मंजूर केले आहे. त्यातून कारखाने उभे राहावेत हे चांगलेच, पण त्यांतील एक कोपरा अशा मापांसाठी राखावा. यात नफा नाही असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. दुकानदाराला वजनांवर शिक्का मारून देण्यातही वैधमापन खात्याला नफा नसतो.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे एखाद्या नव्या रक्तचाचणीची बातमी देताना ती कोणत्या मापाशी ताडली, ते माप कोणी तपासले आणि भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर ते लावून पाहिले का, एवढे तीन प्रश्न संबंधितांना विचारावेत आणि मिळालेली उत्तरे छापावीत. उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे. सासूबाई आता राहिल्या नाहीत. माझ्या कपाटात मात्र जड टाउ वाढवण्याच्या हस्तलिखित टिपणांच्या तीन वह्या आहेत, ज्यांत फसलेल्या कल्चरांचीही तारीखवार नोंद आहे. जी संस्था हे काम हाती घेईल तिने आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी त्या आनंदाने देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त तांत्रिक अधिकारी, कोथरूड, पुणे